जोंगाच्या पोटातलं इंजिन कुठलं?

आजची गोष्ट जबलपूरची आहे.

तिथल्या एका मराठी घरातला माझा मित्र लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेली जुनी जोंगा बाळगून आहे. त्याचे वडील व्हेईकल फॅक्टरीत नोकरीला होते. 'हे इंजिन बाबांच्या कारखान्यातलं आहे,' असं तो अभिमानानं सांगायचा. हेडचं गॅस्केट गेलं म्हणून गाडी उघडली होती, तेव्हा मी तिथे होतो. मोजून पाहिले तर सिलिंडर चारच!

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ पासून आहे आणि व्हेईकल फॅक्टरी १९६९ पासून. जोंगा हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' याच्या आद्याक्षरांवरून जुळवलेलं. गाडी मुळात निस्सानची पेट्रोल, परवान्याने आपल्याकडे बनलेली. तिचं इंजिन पेट्रोलवर चालणारं, ३,९५६ सीसीचं आणि सहा सिलिंडरचं. म्हणजे मित्राच्या गाडीतलं इंजिन बदललेलं होतं, हे तिथेच ठरलं. त्यात नवल नाही. चार लिटरचं पेट्रोल इंजिन पोसणं सरकारला परवडतं. लिलावात गाडी घेणाऱ्याला नाही. पुष्कळांनी डिझेल इंजिनं बसवून घेतली.

मित्राने मात्र आशा सोडली नाही. १९९६च्या सुमारास जबलपुरातून हिनोचं डिझेल इंजिन घातलेल्या थोड्या जोंगा निघाल्या होत्या. तेही इंजिन चार सिलिंडरचंच. 'म्हणजे फॅक्टरीचंच असेल की!' तो म्हणाला.

मग आम्ही व्हर्निअर घेऊन बसलो. ब्लॉकवर उठावाचे ओतीव आकडे असतात, ते साच्याचे. त्यावरून इंजिनाची जात कळते. ठोकलेला नंबर त्या एका इंजिनाचा असतो. या ब्लॉकवरचा ओतीव मजकूर गंजाने खाल्ला होता, म्हणून मापावरच भिस्त. सिलिंडरचा व्यास भरला ९१ मिलिमीटरच्या आत-बाहेर. हिनोचा तो १०४ असतो. पिस्टनची धाव ९२च्या थोडी वर, हिनोची ११३. शिवाय हिनोत व्हॉल्व्ह उघडायला खालून पुशरॉड येतात. इथे कॅमशाफ्ट वर हेडमध्येच आणि त्याला साखळी. ही सगळी लक्षणं मर्सिडीजच्या ओएम ६१६ची. २.४ लिटरचं हे जर्मन डिझेल पुण्याच्या बजाज टेम्पोने परवान्याने बनवलं. ट्रॅक्समध्ये तेच असे. गिअरबॉक्सला जोडताना मध्ये घातलेली जाड लोखंडी प्लेट आणि चेसिसवर वेल्डिंगने लावलेली फाउंडेशनंही दिसली. कारखान्याचं काम असं नसतं.

मित्र गप्प झाला. एकदम म्हणाला, 'म्हणजे मूळ काहीच नाही?'

मला त्या 'मूळ' शब्दाचीच गंमत वाटते. जोंगाच्या अस्सल इंजिनाची पिस्टनची धाव ११४.३ मिलिमीटर. दशमानात विचार करणारा जपानी अभियंता असला अपूर्णांक कशाला निवडेल? इंचात मांडा: बरोबर साडेचार. १९३६ मध्ये निस्सानने डेट्रॉइटच्या ग्रॅहम-पेज कंपनीकडून मोटारीचा आराखडा आणि यंत्रसामग्री विकत घेतली होती. त्या घराण्याच्या इंजिनाची धाव साडेचार इंचच. पुढे निस्सानने व्यास वाढवला, व्हॉल्व्ह बाजूचे वर नेले, पण धाव तीच ठेवली. म्हणजे मित्राचे बाबा ज्याला जबलपूरचं म्हणत, त्याचा सांगाडा अमेरिकेचा, जपानमार्गे आलेला. आणि बदललेलं इंजिन जर्मनीचं, पुण्यामार्गे आलेलं.

मित्राला हे सगळं मजेदार वाटलं, पटलं नाही. त्याचं म्हणणं, आराखडा कुठला का असेना, बाबांचे हात सहा सिलिंडरच्या इंजिनाला लागले होते. इथे मी हरलो, खरं सांगतो.

एक व्यावहारिक भानगड उरलीच. आर.सी. बुकात इंधन अजून पेट्रोल आणि इंजिन नंबर जुनाच होता. अपघात झाला असता तर विम्यावाल्यांनी पहिलं बोट त्यावर ठेवलं असतं. इंजिन बदललं की आरटीओकडून मंजुरी घेऊन नोंद करावी लागते. आधीच्या मालकाने ती केली नव्हती.

मित्राने अर्ज अजून भरलेला नाही. तो भंगारवाल्यांकडे सहा सिलिंडरचा ब्लॉक शोधत हिंडतोय, आणि खिशात व्हर्निअर माझं आहे.