जखम झाकायची, पण कशाने?

रणगाडा पेटला की आतल्या जवानांच्या हातात काही सेकंदच असतात. त्यामुळे भाजलेल्या जखमांच्या उपचारांचा इतिहास मला युद्धाच्या इतिहासाचाच भाग वाटतो.

खोल भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगातून पाणी झिरपत जाते आणि जंतू आत शिरतात. सर्जन मेलेली कातडी कापून काढतात, पण त्या जागी लगेच झाकण हवे. रुग्णाच्याच मांडीची कातडी सर्वांत उत्तम. मात्र निम्म्याहून अधिक अंग जळाले असेल, तर ती आणायची कुठून? १९६०च्या दशकात डुकराची कातडी लावण्याची पद्धत रुळली. शरीर ती कायमची स्वीकारत नाही, पण काही दिवस निभावून नेते.

पुढचे पाऊल बॉस्टनमध्ये पडले. सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यान्नास यांनी १९८१ साली आपल्या कृत्रिम त्वचेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये ती 'इंटेग्रा' या नावाने अमेरिकेत मान्य झाली. वर सिलिकॉनचा पातळ थर आणि खाली जाळी. पण कृत्रिम म्हणायची ती निम्मीच, कारण जाळीतले कोलॅजन गुरांचे आणि दुसरा घटक शार्कच्या कूर्चेतला.

आता १८५७ आठवा. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, या समजुतीने केवढा वणवा पेटला! ज्या फौजेत पंडित, मौलवी आणि ग्रंथी एकाच आवारात असतात, तिथे हा प्रश्न क्षुल्लक नाही. जीव वाचवण्यासाठी बहुतेक धर्म सवलत देतात, हे खरे. तरी शुद्धीवर आलेल्या माणसाला आपल्या अंगावर काय लावले, हे कळण्याचा हक्क आहेच.

गंमत अशी, की प्राण्यांपासून सुटका झाली ती धर्मामुळे नव्हे, जंतूंमुळे. १२ ऑक्टोबर २००२ रोजी बालीतील कुटा येथे बॉम्बस्फोट होऊन २०२ माणसे मेली. भाजलेल्यांना ऑस्ट्रेलियन हवाई दलाच्या विमानांनी डार्विनला नेले. त्या जखमींवर उपचार करणाऱ्यांत ॲडलेडचे सर्जन जॉन ग्रीनवुड होते. इंटेग्रा महाग, आणि तिच्याखाली जंतुसंसर्ग झाला की बहुधा वाया जाणारी. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेल्या विरघळणाऱ्या पॉलियुरेथेनपासून ग्रीनवुड यांनी २ मिलिमीटर जाडीचा स्पंज घडवला. त्याचे नाव बीटीएम. यात जंतूंना खायला कोलॅजन नाही. काही आठवड्यांत त्याच्या छिद्रांत रुग्णाच्या रक्तवाहिन्या वाढतात. मग वरचा पडदा सोलून रुग्णाचीच अगदी पातळ कातडी लावतात. स्पंज सुमारे दीड वर्षात विरघळतो. म्हणजे स्वतःची कातडी शेवटी लागतेच, पण ती काढण्याची घाई उरत नाही.

मुंबईच्या डॉ. मनोहर केसवानींनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या जखमांवर वापरल्या. जखम ओली राहते आणि पट्टी सोडवताना रुग्ण किंचाळत नाही. खोल जखमेत ही साल इंटेग्राची जागा घेऊ शकत नाही. पण प्राण्याचा अंश नाही आणि खर्च नगण्य, म्हणून मला तिचे अप्रूप वाटते. खोल जखमांसाठी, जिथे परदेशी स्पंज परवडत नाही, तिथे आपल्याकडे मरणोत्तर दान केलेली माणसाची कातडी तात्पुरती लावतात. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये त्यासाठी २००० सालापासून त्वचापेढी आहे. ग्लिसरॉलमध्ये जपलेली ही कातडी लावताना दात्याची जात-धर्म कोणी विचारत नाही.