द्राक्षांच्या गावांतून एक दिवस

नाशिकला ‘भारताची नापा व्हॅली’ म्हणायची रीत आता चांगलीच रुळली आहे. हे बिरूद ऐकलं की डोळ्यांपुढे टेकड्या, लाकडी पिंपं आणि संध्याकाळच्या उन्हात चमकणारे प्याले येतात. या मुलखात द्राक्षं रुजली ती मात्र धरणं, कर्ज, कायदा आणि मजुरी यांच्या आधाराने. ती गोष्ट वाटेवरच्या गावांतून नीट वाचता येते. म्हणून फेब्रुवारीतल्या एका आडवारी मी एकटीच निघाले, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड, विंचूर असा बेत करून. घाई नव्हती, आणि सोबतीला एसटीचं वेळापत्रक असल्यामुळे घाई करून उपयोगही नव्हता.

दिंडोरी इतिहासाच्या पुस्तकात येते ती १६७० च्या लढाईमुळे. सुरतेची दुसरी लूट घेऊन परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या मोगली फौजेशी वणी-दिंडोरीच्या परिसरात गाठ पडली, आणि मराठ्यांनी उघड्या मैदानात ती लढाई मारली. महिना ऑक्टोबरचा होता. आज इथे ऑक्टोबर म्हटलं की लोकांना छाटणी आठवते.

ही छाटणी समजून घेतल्याशिवाय इथलं द्राक्ष समजत नाही. युरोपात थंडी पडली की वेल झोपी जाते, वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोपवेल एवढी थंडीच नाही. मग माणूस कात्री घेऊन तिला ऋतू शिकवतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती काडी तयार होण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, ती घडांसाठी. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादबद्दल लिहिताना तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली आहे. त्या प्रवाशाला नवल वाटलं, ते या हवेचंच. आजचा बागाईतदार दोनदा छाटतो आणि पीक एकच घेतो, कारण पावसाळ्यात येणारा घड हाती लागण्याची खात्री नसते.

दिंडोरीहून पिंपळगावकडे जाताना पालखेडची पाटी लागते. इतिहासाची आवड असलेल्याला लगेच १७२८ आणि बाजीराव आठवतो. पण निजामाला कोंडीत पकडलं ते पालखेड वैजापूरकडचं. या पालखेडचं महत्त्व धरणाचं आहे. कादवेवरचं पालखेड, तिच्या वरच्या अंगाचं करंजवण, कोळवण नदीवरचं वाघाड अशा धरणांनी या पट्ट्याचं नशीब बदललं. वाघाडच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून कालव्याच्या पाण्याचं वाटप स्वतःच्या हाती घेतलं. सहकाराची ही गोष्ट कुठल्याही वाइनच्या बाटलीवर छापलेली नसते, पण बाटलीतलं निम्मं श्रेय तिचं आहे.

पिंपळगाव मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, बाजार समितीचं गाव. रस्त्याच्या कडेने छत्र्यांसारख्या मांडवांवर वेली पसरलेल्या. बांधावर उन्हाला टेकून बसलेल्या एका बागाईतदारांना विचारलं, “दादा, ही वाइनची का?”

“नाही ताई, ही खायची. वाइनची होती मागं, काढून टाकली.”

या एका वाक्यामागे दहा वर्षांचा इतिहास आहे. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आजही आहे. त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस इथे वाइन पार्क काढले. त्याच्या आधी नारायणगावात श्यामराव चौगुले यांनी आणि गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी वाट दाखवली होतीच. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. वायनरी करार करीत, शेतकरी लावण करीत. मग २००८ ची मंदी आली, मागणी घटली, अनेकांचे पैसे अडकले आणि बागांवर कुऱ्हाड चालली.

कुऱ्हाडच का, याचं कारण फळात आहे. खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा असतो. निर्यात अडली तर देशी बाजार, तोही पडला तर बेदाणा. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, रसाळ. ते कुणी हौसेने खात नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, आणि त्याने पाठ फिरवली की मांडव, ठिबक, खुंटरोपं यांचं कर्ज तेवढं उरतं. वाइन पिणाऱ्याच्या लेखी द्राक्षाची जात हा चवीचा प्रश्न असतो. पिकवणाऱ्याच्या लेखी तो धोक्याचा असतो.

निफाडला उतरले ती न्यायमूर्ती रानड्यांसाठी. १८४२ मध्ये त्यांचा जन्म इथला. दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्यासाठी केलेल्या कायद्याखाली त्यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं, ग्रामीण पतपुरवठ्यावर लिहिलं, आणि देशाने नुसता कच्चा माल पिकवीत बसू नये, सरकारने उद्योगाला हात द्यावा, असा आग्रह धरला. वाइन पार्क म्हणजे एका अर्थी याच विचाराचं लांबचं अपत्य. पण रानड्यांनी दोन प्रश्न एकत्र पाहिले होते, उद्योगाचा आणि पतीचा. २००१ च्या धोरणात पहिल्याचं उत्तर होतं. दुसरा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर राहिला.

विंचूर हे पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं गाव. आज रस्त्यावरून दिसतात त्या औद्योगिक वसाहतीच्या पाट्या. एका छोट्या वायनरीत गेले तेव्हा आतल्या मुलाने आधी विचारलं, “मॅडम, एकट्याच?” आणि मग मोठ्या आपुलकीने स्टीलच्या टाक्या दाखवल्या. शेनिन ब्लाँचा एक घोट घेतला. पेरूसारखा वास, किंचित आंबट, छान थंड. आवडला.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवर पेठ तालुक्यातल्या मावशी होत्या. हंगामात त्यांची टोळी इकडे बागांवर येते. विरळणी, डिपिंग, खुडणी, सगळं हातांनी. एका घडातले मणी विरळ करायला किती वेळ लागतो, हे त्यांनी बोटं हलवून दाखवलं. त्या बोटांना या मुलखाचा द्राक्ष-इतिहास कुठल्याही पार्कपेक्षा जास्त ठाऊक आहे. जानेवारी २०२२ मध्ये किराणा दुकानांत वाइन विकू द्यायची का यावर राज्यभर केवढा वाद झाला! पिण्याच्या नीतीवर सगळे बोलले. मजुरीवर आणि थकलेल्या पैशांवर फारच थोडे. दारू आणि वाइन यांतला फरक सांगणाऱ्यांनी एकदा हिशेबाच्या वहीतूनही तो मांडायला हवा. करार मोडला तर नुकसान कुणाचं, याचं उत्तर कागदावर असेल तेव्हाच विंचूर पार्काला रानड्यांच्या गावाशेजारी असल्याचा अर्थ येईल.