क्रमांक १४१ चं हरवलेलं अक्षर



इथे सहसा जुने वाडे, गणेशोत्सव, शाळा यांच्या आठवणी येतात. आज जरा लांबची गोष्ट सांगतो, अमेरिकेतली आणि रशियातली. पण ज्यांच्या आडनावात 'ळ' आहे, त्यांना ती परकी वाटणार नाही.

इंटरनेट घरोघरी यायच्या आधी हौशी लोक बुलेटिन बोर्ड चालवत. घरातला एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन, एवढंच भांडवल. कुणीही फोन जोडून त्यावर निरोप ठेवावा, दुसऱ्याचा वाचावा. आपल्या वाचनालयाच्या दारातला सूचना फलकच म्हणा ना. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी असे फलक एकमेकांना जोडले. पहिली जोडणी सॅन फ्रान्सिस्को ते बाल्टिमोर, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्याला. नाव ठेवलं फिडोनेट. फिडो हे तिकडे कुत्र्याचं नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखं! रात्री फोनचे दर कमी, म्हणून रात्रीची एक वेळ ठरलेली असे. त्या वेळात यंत्रं एकमेकांना फोन लावत आणि टपालाची थैली रिकामी करत. सगळा कारभार स्वखर्चाने.

आता थैली उघडणाऱ्याला आतलं पत्र वाचता आलं पाहिजे. मी कॉमर्सचा पदवीधर, संगणकाचा माणूस नव्हे. पण ३८ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे रकान्यांचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. ड्राफ्टवर नाव कुठे, रक्कम कुठे, सही कुठे हे ठरलेलं नसेल तर दुसऱ्या गावची शाखा पैसे देणार कशी?

फिडोनेटवरही हे ठरवावं लागलं. रँडी बुश यांनी ही पद्धत एका मानक कागदात नीट लिहून काढली. पाठवणाऱ्याच्या नावाला ३६ घरं, घेणाऱ्याच्या नावाला ३६, विषयाला ७२, तारखेला २०. नाव संपलं हे कळायला एक घर शून्यासाठी ठेवायचं, म्हणजे नावाला हाताशी ३५ च. पुढे १९८६ च्या सुमारास डॅलसच्या जेफ रश यांनी एकच चर्चा सगळ्या फलकांवर फिरवायची सोय केली. मग पत्राच्या शेवटी ते कुठून निघालं याची एक ओळ आणि कोणकोणत्या फलकांनी ते पाहिलंय याची यादी जोडावी लागली. नाहीतर तेच पत्र पुन्हा पुन्हा फिरत राहायचं.

खरी मेख होती ओळ कुठे मोडायची यात. कुणाच्या पडद्यावर ४० अक्षरं मावत, कुणाच्या ८०. नियम असा केला की परिच्छेद संपला की १३ क्रमांकाची खूण टाकायची, मधल्या ओळी वाचणाऱ्याच्या यंत्राने आपल्या रुंदीप्रमाणे मोडाव्यात. लिहिणाऱ्याच्या प्रोग्रामने स्वतःच्या सोयीसाठी ओळ मोडली असेल, तर तिथे १४१ क्रमांकाची 'कच्ची' खूण असे. १३ अधिक १२८ म्हणजे १४१. आमच्या पिढीने ज्यावर पत्रं टाइप केली त्या वर्डस्टारमध्येही हीच रीत होती. नियम सांगत होता की १४१ दिसला तर दुर्लक्ष करा.

नियम शहाणपणाचा होता, वाचणाऱ्याचा विचार करणारा होता. इंग्रजीची सगळी अक्षरं, आकडे आणि चिन्हं १२८ च्या आत बसतात. त्यामुळे १४१ ही जागा मोकळी आहे, असंच लिहिणाऱ्यांना वाटलं असणार.

पण ती मोकळी नव्हती. १९९० च्या सुमारास फिडोनेट रशियात पोचलं. तिथल्या संगणकांवर जी अक्षरांची यादी चाले, तिच्यात १४१ वर होता मोठा 'न', जो वाक्याच्या किंवा नावाच्या सुरुवातीला येतो. नियम इमानदारीने पाळणारा प्रोग्राम तो न गिळून टाकी. नताशाची 'अताशा' झाली. सुरुवातीचे रशियन फलक ज्या नोवोसिबिर्स्क शहरात निघाले, त्याचंही 'ओवोसिबिर्स्क' झालं. रशियनमध्ये 'नाही' म्हणजे 'न्येत'. वाक्याच्या आरंभी तोच शब्द आला की नकारातलं पहिलं अक्षरच गायब! आणि गंमत पाहा, पश्चिम युरोपच्या यादीत त्याच १४१ वर इटालियन लोकांचा स्वरचिन्हाचा 'इ' बसलेला, जो त्यांच्या 'सी' म्हणजे 'होय' या शब्दात लागतो. एका आकड्याने एकाचा नकार अडवला, दुसऱ्याचा होकार.

मग वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, मानक ते मानक, ज्याने त्याने मोडलं तर जाळंच उरणार नाही. दुसरी बाजू म्हणे, आमच्या भाषेतलं अक्षर खाणारं मानक आम्ही का पाळावं? दोघांचंही खरं होतं. हुकूम सोडणारं मुख्य कार्यालयच नव्हतं. तांत्रिक समिती होती, पण तिची रीत अशी की जे सर्वत्र रूढ झालं त्याचीच मानक म्हणून नोंद करायची. पत्र कोणत्या अक्षरयादीत आहे ते एका लपवलेल्या ओळीत सांगावं, असे प्रस्तावही आले. पण हजारो घरांतले प्रोग्राम एका रात्रीत कोण बदलणार?

रशियन लोकांनी तोवर जुगाड काढला. त्यांचा मोठा 'न' दिसायला इंग्रजी 'एच'सारखाच असतो. म्हणून त्या जागी सरळ एच टाइप करायचा. पुढे कित्येक प्रोग्राम ही अदलाबदल आपोआप करू लागले. डोळ्याला शब्द बरोबर दिसे, पण यंत्राला तो वेगळाच. शोधायला गेलं तर सापडत नसे. तडजोड तात्पुरती होती, पण दप्तरात ती कायमची राहिली.

आता आपल्या इंदूरकडे या. हिंदीत 'ळ' चालत नाही. हिंदी नोंदीत काळे यांचे 'काले' झाले, केळकर 'केलकर', बाळ 'बाल'. कुणाचा वाईट हेतू नव्हता, लिहिणाऱ्याच्या यादीत ते अक्षरच नव्हतं. संगणकावरही तेच. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये. तोवर आपण अ वर चंद्र जोडून भागवलं. दिसायला सारखंच, यंत्राला निराळं. रशियन 'एच'चीच ही मराठी बहीण.

मानकाशिवाय व्यवहार चालत नाही, हे मी जन्मभर पाहिलंय. पण मानक लिहिताना जो समोर हजर नसतो, त्याचंच अक्षर जातं. म्हणून आपण हजर राहून सांगायला हवं की आमच्या भाषेत हेही अक्षर आहे.

आणि एक बँकवाल्याचा सल्ला. घरातली पासबुकं, घराचे कागद, वारसनोंदी काढून नावं एकदा ताडून पाहा. एकीकडे काळे, दुसरीकडे काले असेल तर वेळेवर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. माणूस गेल्यावर ते एक अक्षर घरच्यांना फार हेलपाटे घालायला लावतं.

तुमच्या आडनावातलं कोणतं अक्षर कुणी गिळलं, तेही जरूर लिहा.