न्याहाळकाची बाराखडी

'ब्राउझर'ला आपल्या मराठी जालकरांनी 'न्याहाळक' असा एक छान शब्द दिला. फारसा रुळला नाही, पण मला आवडतो. मूळ इंग्रजी शब्दाची गंमत वेगळीच आहे. शेळी कुंपणावरचा कोवळा पाला एक घास इथला, एक घास तिथला असा खुडत पुढे जाते ना, त्या खाण्याला इंग्रजीत 'ब्राउझ' म्हणतात. पुढे तो शब्द पुस्तके चाळण्याला लागला आणि तिथून संगणकावर आला.

गेली काही वर्षे दर बुधवारी मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हे न्याहाळक प्रकरण शिकवते. विद्यार्थी सगळे साठीच्या पुढचे. प्रत्येकाजवळ एक वही आणि वहीत क्रमवार पायऱ्या. 'एक, निळ्या ई वर दोनदा टिचकी. दोन, वरच्या पट्टीत लिहिणे...' मुलगा किंवा सून घाईघाईत सांगत गेली आणि यांनी उतरवून घेतले. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ही वही पाहिली की मला सनावळ्या घोकणारी मुले आठवतात. पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की गाडी अडलीच!

आमच्या धाकट्या जावेचे उदाहरण घ्या. लेकाने नवा लॅपटॉप आणून दिला, आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "अहो ताई, यात इंटरनेटच नाहीये!" इंटरनेट होते, नव्हता तो निळा 'ई'. दहा-बारा वर्षे त्या चिन्हालाच ती इंटरनेट समजत होती. यात तिचा काय दोष? तिला कोणी वेगळे सांगितलेच नव्हते.

माझे म्हणणे असे की न्याहाळकाचा चेहरा पाठ करू नये, त्याचे भाग ओळखावेत. आणि एखादा भाग कशासाठी आला हे कळले, की तो विसरत नाही. म्हणून आमचा वर्ग सुरू होतो तो इतिहासाने.

१९८९ साल. जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, प्रत्येकाचा संगणक वेगळा, आणि एकाची माहिती दुसऱ्याला वाचता येत नसे. टिम बर्नर्स-ली यांनी त्या मार्चमध्ये यावर उपाय सुचवणारे टिपण लिहिले आणि १९९० च्या अखेरीस पहिला न्याहाळक तयार केला. त्यात वाचता येई, तसेच तिथल्या तिथे लिहिताही येई. पण तो 'नेक्स्ट' नावाच्या महागड्या संगणकावरच चाले. मग निकोला पेलो नावाच्या विद्यार्थिनीने साधा न्याहाळक लिहिला, जो कुठल्याही संगणकावर चालावा. त्याला ना चित्रे, ना माउस. दुव्यांना क्रमांक दिलेले असत. हवा तो क्रमांक दाबायचा की ते पान हजर. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सगळी विद्या जगाला फुकट देऊन टाकली.

यातून पहिला धडा. महाजाल हे वाचनालय आहे आणि न्याहाळक हा चष्मा. जावेला मी हेच सांगितले, "अगं, चष्मा बदललाय, वाचनालय तेच आहे."

मग सगळ्यांच्या वहीत निळा 'ई'च का? त्यालाही कारण आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' केला. त्यात मजकुरातच चित्रे दिसू लागली आणि जाल सामान्य माणसाच्या घरात शिरले. १९९४ मध्ये अँड्रीसन यांच्या नव्या कंपनीचा 'नेटस्केप' आला. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'इंटरनेट एक्सप्लोरर' आणला आणि पुढे तो विंडोजबरोबरच देऊ केला. आयते घरात आलेले कोण सोडतो? यावरून अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये कंपनीवर खटला भरला, पण २००२-०३ पर्यंत दहातले नऊहून अधिक लोक तोच न्याहाळक वापरत होते. आपण शिकलो ते नेमके त्याच काळात. नेटस्केपने जाता जाता आपली आज्ञावली खुली केली, तिच्यातून २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला. २००८ मध्ये क्रोम आला. आणि १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त झाला. साम्राज्ये येतात नि जातात, इतिहासाच्या शिक्षिकेला याचे नवल नाही. पण घोकलेल्या पायऱ्याही साम्राज्याबरोबर जातात, त्याचे काय?

राहतात ते भाग. पहिला भाग निळा दुवा आणि मागे जाणारा बाण. निळे, अधोरेखित दुवे मोझेकने रूढ केले. जाऊन आलेल्या दुव्याचा रंग बदलतो, ती आपल्याच पावलांची खूण. आणि बाण म्हणजे आल्या वाटेने परत. वर्गातली सगळ्यात मोठी भीती एकच असते, 'काही बिघडलं तर?' नुसते पान वाचल्याने सहसा काही बिघडत नाही. बाण दाबा आणि मागे या. फक्त पैसे भरताना मधेच बाण दाबू नये.

दुसरा भाग पत्त्याची पट्टी. हा खरा महत्त्वाचा. पत्त्याच्या सुरुवातीला त्या दोन तिरक्या रेघा असतात ना, त्यांची खरे तर गरजच नव्हती, असे खुद्द बर्नर्स-ली यांनीच २००९ मध्ये सांगितले. पूर्वी पत्ता लिहायची पट्टी वेगळी आणि शोधायची वेगळी असे. क्रोमने २००८ पासून दोन्ही एकच केल्या. सोय झाली खरी, पण पत्ता लिहिणे आणि शोध घेणे या दोन गोष्टी आहेत हेच नवशिक्याला कळेनासे झाले. पत्ता म्हणजे आपण स्वतः ओळखीच्या घरी जाणे. शोध म्हणजे चौकात उभे राहून "अमक्याचे घर कुठे?" विचारणे. चौकात कोणीही उत्तर देतो!

आमच्या संघातल्या एका गृहस्थांनी असाच बँकेचा दूरध्वनी क्रमांक शोधला. पहिला दिसला तो फिरवला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला आणि औषधपाण्यासाठी ठेवलेले चाळीस हजार रुपये गेले. पैशापेक्षा वाईट हे, की पुढे सहा महिने त्यांनी मोबाइलला हात लावला नाही. परदेशातल्या नातीशी बोलणेही बंद. एवढा शिकला-सवरलेला माणूस, पण "आपल्याला हे जमायचं नाही" म्हणून घरात बसला.

म्हणून पत्ता वाचायला शिकवते, तो टपालासारखा. पाकिटावर वर कोणाचेही नाव लिहिता येते, पत्र जाते ते शेवटी लिहिलेल्या गाव-तालुक्याला. तसेच इथे. सुरुवातीच्या त्या दोन रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचे दोन-तीन तुकडे वाचा. घराचा मालक तो. त्याच्याआधी बँकेचे नाव कितीही ठसठशीत असो, त्याला अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितले, ते याच फसवणुकीसाठी. एवढे शेपूट बघायची सवय लागली तरी पुष्कळ झाले.

तिसरा भाग कुलूप. जालावर पैशाचे व्यवहार व्हावेत म्हणून नेटस्केपने १९९५ च्या सुमारास मजकूर सांकेतिक करून पाठवायची रीत आणली. कुलूप दिसले की लोक निर्धास्त होत. पण कुलूप म्हणजे पाकीट चिकटवलेले आहे एवढेच. ज्याला पाठवले तो सज्जन आहे असे नव्हे. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हच काढून टाकले.

आता आपल्या मराठीचे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. पण मराठी वाचायची तर प्रत्येक वृत्तपत्राचा टंक वेगळा. तो उतरवून घेतला नाही, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण आत साठवलेली असत ती इंग्रजी अक्षरेच, टंक त्यांच्यावर मराठीचे मुखवटे चढवी. १९९१ मध्ये युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. आपल्या 'क'चा २३२५, 'ख'चा २३२६. तरी तो घरच्या संगणकावर दिसायला पुढचे दशक उजाडले. विंडोज एक्सपीत त्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये खटपट करावी लागे, आणि पुष्कळदा सीडी मागितली जाई. पण मुखवटा जाऊन खरे अक्षर आले आणि मराठीत शोधता येऊ लागले. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. २०१४ पासून तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट भारत' असे देवनागरीतही लिहिता येते. वर्गात हे सांगितले की इंग्रजीला बिचकणाऱ्या बायका एकदम सरसावून बसतात. पट्टीत मराठीत लिहायचे, एवढाच काय तो निरोप!

ते गृहस्थ आता बुधवारी येतात. पत्त्यावर बोट ठेवून पहिलीतल्या मुलासारखे वाचतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, अक्षरओळख अशीच होते.

असो. शेवटी घरातल्या पुतण्या-भाच्यांना आणि नातवंडांना एक विनंती. आजीने विचारले की तिच्या हातातला माउस काढून घेऊन "झालं बघ!" म्हणू नका. काम तुमच्या हातून झाले, ती शिकली नाही. माउस तिच्याच हातात राहू द्या, दहा मिनिटे जास्त लागतील. आणि वहीत पायऱ्या लिहून देऊ नका. पत्ता कुठे, शोध कुठे आणि मागचा बाण कुठे, एवढे तीन दाखवा. बाकी ती न्याहाळेल.