तळटीप २७ : राणीचा मलमली झगा

२७. येथे अभिप्रेत असलेला झगा म्हणजे ‘शमीझ आ ला रेन’. चित्रकार एलिझाबेथ व्हिजे-ल ब्रँ हिने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे या वेषातले चित्र १७८३ साली पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात मांडले. राणी आतल्या कपड्यांवरच बसली की काय, अशी ओरड झाली. ते उतरवून रेशमी पोशाखातले चित्र लावावे लागले. परदेशी मलमलीमुळे लिओंच्या रेशीम विणकरांच्या पोटावर पाय येतो, हीही तक्रार होतीच. ही मलमल बरीचशी आपल्याकडची, बंगालची.

शिवायला मात्र हा झगा सोपा. कापडाचे सरळ पन्हे, गळ्याशी आणि कंबरेशी नेफे, त्यांतून ओवलेल्या नाड्या. नाडी ओढली की चुण्या पडतात आणि माप आपोआप बसते. वर रुंद रेशमी पट्टा. कमी पैशांत जुने फ्रेंच पोशाख शिवू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी उत्तम. पॉलिस्टर मिसळलेले कापड नको, त्याच्या चुण्या ताठ फुगतात. लांब शिवणी खुशाल मशीनवर माराव्यात, पण गळा आणि बाह्यांचे काठ हातशिलाईनेच दुमडावेत. नजर तिथेच जाते. आत पांढरा परकर हवाच.