दुप्पट वॉट घेऊनही आवाज दुप्पट का होत नाही? स्पीकर घेण्याआधी हा आकडा बघा

नव्वदच्या दशकातला टेपरेकॉर्डर आठवतोय? त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, '१००० वॉट पीएमपीओ'. हजार वॉट म्हणजे जवळपास इस्त्रीला लागते तेवढी वीज. तो टेप भिंतीतल्या प्लगमधून तेवढी वीज कधीच घेत नव्हता. पण वॉट जास्त म्हणजे आवाज भारी, हे डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

आजही घरातला स्टिरिओ बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, किती वॉटचा? मग ५० वॉटचा चांगला चालणारा अ‍ॅम्प्लिफायर विकून १०० वॉटचा आणला जातो, घरी लावला जातो आणि फारसा फरक कळत नाही. पैसे मात्र गेलेले असतात.

कारण ज्या आकड्याकडे बघायला हवं होतं, तो अ‍ॅम्प्लिफायरवर नसतो. तो स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो आणि त्याचं नाव आहे सेन्सिटिव्हिटी.

हा आकडा सांगतो काय?

स्पीकरला एक वॉट वीज दिली आणि एक मीटरवरून मोजलं, तर आवाज किती डेसिबल येतो, ते हा आकडा सांगतो. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८२ ते ९० च्या दरम्यान असतो. ९५ च्या वर गेला की त्या स्पीकरला 'हाय सेन्सिटिव्हिटी' म्हणतात.

८६ आणि ९६ मध्ये फक्त दहाचा फरक दिसतो, पण डेसिबलचा हिशोब साध्या बेरजेचा नाही. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॉट लागतात आणि १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. आपल्या कानाला 'आवाज दुप्पट झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे ५० चे १०० वॉट केले तर मिळाले फक्त ३ डेसिबल. फरक न कळण्याचं कोडं इथेच सुटतं.

उलट बाजूने बघा. ८६ डेसिबलचा स्पीकर १०० वॉटवर जेवढा वाजेल, तेवढाच ९६ डेसिबलचा स्पीकर १० वॉटवर वाजतो.

"पण मी एवढ्या मोठ्याने ऐकतच नाही," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, रोजच्या ऐकण्यात बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होतात. प्रश्न येतो तो अचानक उसळणाऱ्या आवाजाचा. तबल्याची खणखणीत थाप सरासरी आवाजापेक्षा सहज १५-२० डेसिबल वर जाऊ शकते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट वीज! एका वॉटवर निवांत चाललेलं गाणं त्या क्षणापुरते १०० वॉट मागतं. अ‍ॅम्प्लिफायरकडे ते नसतील तर थापेचा माथा छाटला जातो आणि तबला बोथट वाजतो. हाय सेन्सिटिव्हिटी स्पीकरचे चाहते ज्याला 'जिवंत आवाज' म्हणतात, त्यातला बराचसा भाग म्हणजे ही न छाटलेली थाप.

मोठे स्पीकर आले कुठून?

१४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, तेव्हा जगभरातल्या थिएटरांचे अ‍ॅम्प्लिफायर आजच्या मानाने अगदीच दुबळे होते. एवढ्याशा विजेत अख्खं थिएटर भरायचं, म्हणून भलेमोठे भोंगे वापरले जायचे. ग्रामोफोनच्या कर्ण्याचंच ते तत्त्व. भोंगा हवेवर नीट पकड मिळवून देतो आणि तेवढ्याच हालचालीतून जास्त आवाज निघतो.

हा भोंगा घरात आणणाऱ्यांमध्ये मोठं नाव पॉल क्लिप्श यांचं. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप या गावी त्यांनी १९४६ मध्ये कंपनी सुरू केली. त्यांचा 'क्लिप्शहॉर्न' खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा असतो, कारण दोन्ही भिंती भोंग्याचाच भाग बनतात. तो आजही बनतो.

पुढे १९५४ मध्ये एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि छोट्या, बंद खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. अशा स्पीकरला वॉट जास्त लागायचे, पण ट्रान्झिस्टर आल्यावर वॉट स्वस्त झाले. भोंगे मागे पडले.

मग सगळ्यांनीच मोठे घ्यावेत का?

नाही. इथे एक नियम आडवा येतो, 'हॉफमनचा लोखंडी नियम'. छोटं खोकं, खोल बेस आणि हाय सेन्सिटिव्हिटी या तिघांपैकी दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावं लागतं.

बीबीसीने आपल्या प्रसारणाच्या गाड्यांमध्ये ऐकण्यासाठी 'एलएस३/५ए' हा स्पीकर बनवला. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर, सेन्सिटिव्हिटी ८२-८३. क्लिप्शचा 'हेरसी ४' कंपनीच्या दाव्यानुसार ९९ चा, पण बेस ४८ हर्ट्झपर्यंतच. 'कॉर्नवॉल ४' १०२ चा आणि थेट ३४ हर्ट्झपर्यंत उतरतो. पण त्याची उंची आहे सुमारे ९७ सेंटीमीटर, रुंदी ६४ आणि वजन ४४ किलोच्या वर. आणि असे दोन लागतात.

दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवून बघा. कपाटाचं दार उघडणार नाही, हा झाला घरगुती प्रश्न. ध्वनीचा प्रश्न वेगळाच. कोपऱ्यालगतचा मोठा वूफर छोट्या खोलीत घुमतो. शिवाय वूफर, मधला भोंगा आणि ट्वीटर यांचे आवाज एकमेकांत मिसळायला अंतर लागतं. दीड-दोन मीटरवर बसलात तर ते सुटे सुटे ऐकू येऊ शकतात. माझ्या मते एवढ्या खोलीत ८६-८८ चा बुकशेल्फ स्पीकर आणि ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर भरपूर झाला.

मोठा हॉल असेल, बसण्याची जागा तीन मीटरहून लांब असेल किंवा आठ-दहा वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वापरायचा असेल, तर मात्र ९५ च्या वरच्या स्पीकरना खरा अर्थ आहे. एक तयारी ठेवा. हे स्पीकर गाणं जसं मोठं करतात, तशी अ‍ॅम्प्लिफायरची 'हिस्स' अशी बारीक खरखरही मोठी करतात.

आकड्यातली चलाखी

माहितीपत्रकात बहुतेकदा 'एक वॉट' नसतं, '२.८३ व्होल्ट' असतं. स्पीकर ८ ओहमचा असेल तर दोन्ही एकच. पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॉट होतात. म्हणजे ८९ लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर एका वॉटच्या हिशोबाने ८६ चाच. काही कंपन्या भिंतींवरून परतणारा आवाज धरून, खोलीतला आकडा छापतात, तोही फुगलेला असतो. त्यामुळे स्वतंत्रपणे मोजलेला आकडा मिळाला तर तो बघा.

दुकानात दोन स्पीकर ऐकताना तर हमखास फसगत होते. व्हॉल्यूमला हात न लावता ८६ वरून ९६ वर गेलात, तर दुसरा दुप्पट मोठा वाजणार आणि म्हणूनच जास्त चांगला वाटणार. फोनवरच्या डेसिबल मीटरने दोघांचा आवाज सारखा करून द्यायला सांगा. तुम्ही घरी ऐकता तेवढाच ठेवा, तुमचंच गाणं लावा, आणि मग ठरवा.