तळाशी पडलेले हत्यार



ज्यांचे बालपण खेड्यात किंवा जुन्या वाड्यात गेले, त्यांना आडात पडलेला पोहरा आठवत असेल. दोर तुटे, पोहरा तळाला जाई आणि मग शेजारच्या घरून गळ मागून आणावा लागे. वाकड्या आकड्यांचा तो लोखंडी झुबका दोराला बांधून पाण्यात सोडायचा, तळ चाचपायचा, हाताला जरा जड लागले की श्वास रोखून हलकेच वर ओढायचे. घाई केली की पोहरा सुटलाच. हे काम घरातल्या पैलवानाला कधी जमत नसे. ते एखाद्या म्हाताऱ्या आजीलाच जमे.

मासे धरण्याच्या आकड्यालाही आपण गळच म्हणतो. मौज अशी की, हजारो फूट खोल तेलविहिरी पाडणारे इंग्रजी बोलणारे कामगारही या कामाला मासेमारीच म्हणतात आणि तळाशी हरवलेल्या हत्याराला मासा म्हणतात. ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही, अशा कष्टकऱ्यांना एकच उपमा सुचली. काम एकच असले म्हणजे भाषाही एकमेकींच्या जवळ येतात, असेच म्हणावयाचे.

आजचा आमचा विषय ही मासेमारी आहे. आम्ही इंजिनिअर नव्हे. कामगारांच्या वस्तीत आणि युनियनच्या कचेरीत जे वाचले, ऐकले व पाहिले, तेवढीच आमची शिदोरी. परंतु वाचताना एक गोष्ट आम्हांला सतत खटकत आली. विहिरींचे इतिहास किती खोल गेले आणि काय लागले ते सांगतात. मध्ये काम ठप्प होऊन जे महिने गेले, त्यांची वासलात एका ओळीत लावतात. त्या ओळीत काय दडले आहे, ते आज पाहू.

प्रथम अडचण नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या आडात माणूस उतरू शकतो. यंत्राने किंवा घणाने पाडलेली विहीर म्हणजे मात्र वीतभर रुंदीची नळी. तिच्यात माणूस जात नाही, उजेड पोचत नाही. हजार फुटांवर हत्याराचा जोड तुटला, तर तो तुकडा उभा आहे की आडवा, त्याचे तोंड कोणत्या बाजूस आहे, हे सांगणार कोण? वर दोर धरून उभा असलेला माणूस हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून, दोराच्या ताणावरून आणि आवाजावरून ताडतो, तेवढेच. पुढे एक युक्ती निघाली. मेण, साबण किंवा शिसे यांसारख्या मऊ पदार्थाचा गोळा खाली सोडून तो हत्यारावर दाबायचा, वर आणायचा आणि उमटलेला ठसा वाचायचा. आंधळ्याने चेहरा चाचपून माणूस ओळखावा, तसाच हा प्रकार.

या विद्येचे माहेर शोधू गेले तर चीनच्या सेचुआन प्रांतात जावे लागते. समुद्र फार दूर, परंतु जमिनीखाली खारे पाणी. ते वर आणून आटवले की मीठ. अकराव्या शतकाच्या मध्यास तेथे अरुंद, खोल विहिरी पाडण्याची रीत सुरू झाली. त्याच प्रांतात जन्मलेल्या सू शी या विख्यात कवीने तिचे वर्णन करून ठेवले आहे. विहिरीचे तोंड वाडग्याएवढे, आत गाठी पोखरलेल्या बांबूची नळी, म्हणजे बाजूचे गोडे पाणी आत झिरपू नये. खणण्याची रीत साधी होती. एका लांब तरफेच्या टोकाला बांबूच्या सालीचा दोर आणि दोराला जड लोखंडी पहार. दुसऱ्या टोकावर माणसांनी उडी मारायची की पहार वर, उतरायचे की पहार खाली. दिवसभर हेच. एक जण दोराला पीळ देत राही, म्हणजे प्रत्येक घाव नव्या जागी बसे.

या रीतीने झिगाँग येथील शेनहाय नावाची विहीर १८३५ साली १,००१ मीटर, म्हणजे सुमारे ३,२८० फूट खोल गेली. हजार मीटरांची मर्यादा ओलांडणारी जगातली ही पहिली विहीर. तेथे वाफेचे यंत्र नव्हते. होती ती माणसांची पावले.

त्याच सुमारास लॉराँ इंबेर नावाचा एक फ्रेंच मिशनरी त्या मुलखात होता. त्याने मायदेशी लिहिलेल्या पत्रांत या विहिरींची हकीकत आहे. खडक चांगला असेल तर चोवीस तासांत जवळजवळ दोन फूट काम होते, असे तो सांगतो. या गतीने हिशेब केला, तर शेनहायची विहीर चार-साडेचार वर्षांत पुरी व्हावयास हवी. प्रत्यक्षात काम १८२३ साली सुरू झाले होते. म्हणजे बारा वर्षांच्या वर लागली. हा हिशेब ढोबळ आहे, हे आम्ही जाणतो. खडक सगळीकडे चांगला नसतो, भिंती ढासळतात. पण याच इंबेरने आणखी एक गोष्ट टिपली आहे. पहार ज्या कड्याने दोराला अडकवलेली असे ते कडे कधी कधी तुटे. मग दुसऱ्या पहारीने घाव घालून घालून तळाशी पडलेल्या पहारीचा भुगा करावा लागे आणि त्यात महिनेच्या महिने जात. लोखंडाने लोखंड कुटायचे, तेही न बघता! बारा वर्षांतली काही वर्षे कोठे गेली असतील, याचा अंदाज यावरून करता येतो.

सेचुआनच्या कारागिरांनी यावर मोठा विचार केला. पडलेले हत्यार पकडण्यासाठी त्यांनी नाना तऱ्हेचे गळ घडवले: पाच बोटांच्या पंजासारखे, उलट्या काट्यांचे, तुटलेल्या दोराला गुंतवून घेणारे. विहीर पाडणे हा जसा एक धंदा, तसा बिघडलेली विहीर दुरुस्त करणे हा वेगळा, मानाचा धंदा झाला. १८८२ साली तेथील गव्हर्नर-जनरल डिंग बाओझेन यांच्या देखरेखीखाली मिठाच्या कारभारावर जो मोठा ग्रंथ निघाला, त्यात विहिरीच्या हत्यारांची चित्रे आहेत. झिगाँगमध्ये मिठाच्या व्यापाऱ्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या एका भव्य वास्तूत १९५९ साली संग्रहालय स्थापन झाले. तेथे ही हत्यारे जपून ठेवली आहेत. इमारत व्यापाऱ्यांची, ग्रंथ सरकारचा. आत मात्र आहे ती लोहाराची अक्कल.

आता त्याच काळातल्या पॅरिसकडे वळू. तेथे शहराला पाणी हवे होते. शहराखाली खडूच्या जाड थराच्या तळाशी कोंडलेले पाणी आहे, तेथवर भोक पाडले तर ते आपल्या जोराने वर येईल, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे. ग्रनेल भागातील कत्तलखान्याच्या आवारात १८३३-३४ च्या हिवाळ्यात काम सुरू झाले. ते अंगावर घेणारा लुई-जॉर्ज म्युलो हा मूळचा कुलपे-किल्ल्या करणारा कारागीर. येथे दोर नव्हता. एकमेकांना जोडलेल्या लोखंडी दांड्या होत्या.

१८३७ च्या मे महिन्यात, विहीर ४१८ मीटरांवर गेली असता, दांडी तुटली. माती उपसणारे पोकळ अवजार आणि त्यावरच्या सुमारे ऐंशी मीटर दांड्या तळाशी जाऊन पडल्या. त्या काढून पुन्हा खणती सुरू व्हावयास ऑगस्ट १८३८ उजाडला. पंधरा महिने! या पंधरा महिन्यांत विहीर एक बोटही खोल गेली नाही. शहरात कुत्सितपणे हसणारे असतीलच. कोणत्या शहरात नसतात? परंतु थोर खगोलशास्त्रज्ञ आरागो यांनी या कामाची पाठ सोडली नाही. पुढेही अपघात चुकले नाहीत. एकदा तर पडलेले अवजार वर काढण्याचा नाद सोडून ते बाजूच्या भिंतीत दाबून बसवले आणि त्याच्या शेजारून पुढची वाट काढली. अखेर २६ फेब्रुवारी १८४१ रोजी, ५४८ मीटरांवर, दांड्या एकाएकी खाली गेल्या आणि कोमट पाणी उसळून वर आले. त्याची उष्णता सुमारे २८ अंश होती.

सात वर्षांहून थोडा अधिक काळ. त्यातला सुमारे सहावा हिस्सा एकाच अपघाताने खाल्ला. हे पंधरा महिने फुकट गेले, असे म्हणावयाचे काय? त्या दांड्या निघाल्या नसत्या तर ४१८ मीटरांचे कोरडे भोक तेवढे उरले असते. पाणी जितके खणणाऱ्याचे, तितकेच ते काढणाऱ्याचेही आहे.

अमेरिकेतली गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथली युक्ती फार सुंदर आहे. आज जे वेस्ट व्हर्जिनिया राज्य आहे, तेथील कानावा नदीच्या खोऱ्यातही मिठाच्याच विहिरी होत्या. तेथील मिठागरांत गुलामांकडून काम करून घेत. तेथल्या विल्यम मॉरिस या कारागिराने दोर आणि पहार यांच्यामध्ये, साखळीच्या दोन लांब कड्यांसारखा, एक ढिला जोड घातला. १८४१ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पहार रुतली की दोर नुसता ताणून ती निघत नाही, दोर मात्र तुटतो. या ढिल्या जोडामुळे दोर आधी थोडा मोकळा वर जाई आणि मग खाडकन हिसका बसे. रुतलेला खुंटा उपटताना आपणही नुसते ओढत नाही, हिसका देतो. ताणण्यापेक्षा हिसका बरा, आणि हिसक्यासाठी जोडात थोडी सैल जागा हवी, हे त्या कारागिराने ओळखले. पुढे तेलविहिरी पाडणाऱ्यांनीही हाच जोड वापरला.

कोणी म्हणेल, हे सारे जुन्या काळचे. आज यंत्रे आहेत. तर रशियातल्या कोला द्वीपकल्पाकडे पाहा. तेथे सोव्हिएत शास्त्रज्ञ जगातले सर्वांत खोल भोक पाडीत होते. २७ सप्टेंबर १९८४ रोजी, १२,०६६ मीटर खोली गाठल्यावर, नळ्यांची माळ तुटली आणि सुमारे पाच किलोमीटर लांबीचा तुकडा खाली राहिला. तो काही हाती आला नाही. शेवटी सात किलोमीटरांपर्यंत मागे येऊन तेथून बाजूला नवी वाट पाडावी लागली. १९८९ साली ते १२,२६२ मीटरांपर्यंत पोचले. बाहेर काढा, भुगा करा, नाही तर बाजूने जा: सेचुआन, पॅरिस आणि कोला मिळून माणसाला सुचलेले मार्ग हे तीनच.

आता घरी येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर ही वस्तू गावोगाव आली. या गाड्यांपैकी कितीतरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड या गावच्या असतात. त्यांवरची पोरे दूरदूरच्या प्रांतांतून आलेली. काही वर्षांपूर्वी टंचाईच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका शिवारात अशीच एक गाडी उभी होती. चारशे फुटांच्या आसपास हॅमर अडकला. कारण उघड होते. वरची माती भुसभुशीत, आणि केसिंगचा पाईप पुरता खाली उतरवला नव्हता. पैसे वाचवायचे होते. माती ढासळली आणि हॅमर गच्च बसला. जुना ड्रिलर म्हणत होता, हवा सोडून, हळूहळू फिरवत मोकळा करू. मालकाचा फोनवरून हुकूम: पुरी ताकद लावून ओढा. ओढले. एका जोडाचे आटे निघाले आणि खालचे रॉड खालीच राहिले.

मग त्या ड्रिलरने निमुळते, आटे पाडलेले एक हत्यार आणवले. ते रॉडवर सोडून, तुटलेल्या रॉडच्या तोंडात बसवून, एकेक आटा हाताच्या अंदाजाने चढवला. चौथ्या दिवशी माळ वर आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पगाराच्या दिवशी टाळ्या थांबल्या. मजुरी फुटाच्या हिशेबाने. या दिवसांत एक फूटही काम नाही, म्हणून मजुरी नाही. शिवाय खराब झालेल्या रॉडची कपात. प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही भांडलो ते अपघात कोणाच्या हातचा नसतो या मुद्द्यावर. तेव्हा ड्रिलरने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, हे बोलू नका. अपघात नव्हता हा. पाईप कमी उतरवायचा कोणी ठरवले ते विचारा." आम्ही ओशाळलो. भाषणे आम्ही पुष्कळ केली होती. विहीर मात्र त्याला कळत होती. कपात रद्द झाली, त्या दिवसांची रोजी मिळाली. पण पुढच्या गाडीवर तसेच होणार नाही, असा लेखी करार काही होऊ शकला नाही.

मित्रहो, हा प्रश्न त्या गाडीबरोबर गावाबाहेर गेलेला नाही. फुटावर मजुरी मोजणे म्हणजे फक्त खाली जाणे हेच काम मानणे. परंतु सेचुआनपासून शिवारापर्यंत इतिहास उलट सांगतो. खाली जाणे ताकदीने होते. अडकलेले वर आणावयास अक्कल लागते, धीर लागतो, आणि जे सर्वांत कठीण तेच आपण बिनमजुरीचे ठरवतो. या धंद्यातले जाणते लोक एक नियम पाळतात: विहिरीत जे सोडाल त्याचे माप आधी लिहून ठेवा, म्हणजे तुटले तर काय शोधायचे ते कळते. आमची मागणी एवढीच की, वहीत आणखी एक रकाना असावा. किती फूट गेलो त्याच्या शेजारी, किती दिवस अडलो, का अडलो आणि कोणी सोडवले, तेही लिहावे. आणि त्या रकान्यासमोर मजुरीचा आकडा असावा.

आमच्या लहानपणी पोहरा वर आला की आजी आधी त्याचा कान आणि दोर नीट तपासून पाही, मगच पाणी भरू देई. तेवढे शहाणपण मोठ्या यंत्रांच्या मालकांना यावे, इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.